फुंकर

मे महिन्यात या गावाशी भांडता येतं.
पारा शेहेचाळीसवर गेला तरी
कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावायच्या,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
आणि निघायचं.
ते ऊन कोरडं असतं, समोरून येतं.

भाद्रपदाचं तसं नाही.
पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही.
कूलर लावला तर घरभर ओल्या पोत्याचा वास,
बरणीत मीठ गोळा होऊन बसलेलं,
चादर सोबत उठते.
बंद केला तर मानेतून, पाठीतून,
गुडघ्यांमागच्या खाचांतून
आपणच हळूहळू गळायला लागतो.

पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं
मी नायलॉन नेसले.
इस्त्री लागत नाही, एवढाच त्याचा गुण.
आत परकर, परकराला नाडी,
नाडीखाली घामोळ्यांचा पट्टा,
तो मात्र खास सुती, कधी न विटणारा.
मनीऑर्डर पुढे सरकवताना कोपरावरून थेंब पडायचा.
एकदा 'मु. पो. कुही'मधली कुही वाहून गेली.
मु. पो. तेवढं उरलं.
साहेब म्हणाले, हेडाऊबाई, आता हे कुठे पाठवू?

बाबा तांडापेठेत मागावर बसायचे
उघडेच, गुडघ्यापर्यंत पंचा.
गिऱ्हाईक आलं तरी सदरा शोधत नसत.
कापड उतरलं की एक पदर तोंडाशी धरून
फुंकर मारायचे.
पलीकडे माझा तळहात.
"लागली का वो बाई?"
"लागली."
"मंग हे घरी ठेव.
नाही लागली, ते लग्नाले दे."

रिटायर होऊन दोन वर्षं झाली.
यंदा ट्रंकेच्या तळाशी त्यांच्या हातचा एक तुकडा सापडला,
धुवून धुवून
दुधावरच्या सायीसारखा झालेला.
मीच कापला, मीच शिवला.
दोन वाटा हातांना, एक डोक्याला,
बाकी सगळा रस्ता वाऱ्याचा.
गाऊन नाही, कुर्ता नाही, झबलंही नाही.
नाव ठेवायला कोणी आलं नाही अजून.
दोन खिसे मात्र खोल:
एकात किल्ल्या, एकात सुपारी.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीचे ढोल ऐकू आले,
तशीच कोपऱ्यापर्यंत गेले.
बारापात्रे वहिनी उभ्या होत्या,
गुळगुळीत गाऊनवर ओढणी, ओढणीला तीन पिना,
ओठांवर घामाची मिशी.
"अवो, अशाच आल्या?"
"अशीच."
"आत काही नाही का वो?"
"आत मी हाये न."

त्या बघतच राहिल्या.
तोवर पिवळी मारबत वळणावर डोलत आली,
माणसं ओरडत होती,
रोगराई घेऊन जा गे मारबत,
खोकला, खरूज, महागाई घेऊन जा गे मारबत.
माझाही आवाज निघाला,
काउंटरवर कधी निघाला नव्हता तसा:
नाडी घेऊन जा गे मारबत,
नायलॉन घेऊन जा,
फॉल-पिको, अस्तर, उन्हाळी लग्नातला शालू घेऊन जा,
"बरं दिसत नाही" म्हणणारी
माझ्याच तोंडातली जीभ घेऊन जा.
शेजारचा पोरगा पिपाणी थांबवून हसला.
वहिनी हसल्या नाहीत.
गर्दी पुढे सरकली तेव्हा पाहिलं,
तीनपैकी एक पीन
त्यांनी दातात धरली होती.

पाऊस त्या दिवशीही आला नाही.
रात्री लाईट गेली.
मी ओट्यावर पाय पसरून बसले,
पानही हलत नव्हतं,
तरी कुठून तरी काखेतून आत शिरून
पाठीवरून काहीतरी निघून जात होतं,
मुंगीच्या चालीएवढं.

भिंतीपलीकडून अंधारातच आवाज आला:
"किती मीटर लागते वो त्याले?"

"जुनं असन तर अडीच," मी म्हटलं.
"नवं असन तर आधी
दहा डाव धुवून घ्या."